वाघिणींचे फोटो लावताना: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, डर्बी

काम असं आहे. ब्रिटनमधल्या कोळशाच्या आणि खनिजांच्या वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, तीनशेच्या आसपास जुने फोटो. कुणा हौशी माणसाच्या माघारी त्याच्या घरच्यांनी ते मॉडेल रेल्वेच्या एका प्रदर्शनात विकायला ठेवले होते. बहुतेक पोस्टकार्डाएवढे, काही मोठे, आणि तळाशी रंगीत स्लाइडींचा एक डबा. थोड्यांच्या पाठीवर पेन्सिलीने दोन-चार शब्द, बाकीच्यांच्या पाठी कोऱ्या. सगळं स्कॅन करायचं, प्रत्येक फोटोत काय दिसतं ते लिहायचं आणि आमच्या मॉडेल क्लबातल्या लोकांना शोधता येईल अशी यादी बनवायची. वाघिणींची मॉडेलं करणाऱ्यांना अक्षरांची उंची, लोखंडी पट्ट्यांची जागा, दाराची बिजागरी असल्या गोष्टी लागतात. त्या एरवी शोधून सापडत नाहीत.

खोक्यात इंजिनं जवळपास नाहीतच. ज्याने हे जमवलं त्याला वाघिणीच हव्या होत्या. चंद्रपूरच्या माणसाला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. फाटक पडलं की कोळशाच्या गाडीचे डबे मोजायचे, हा आमचा लहानपणचा उद्योग. पण तिकडच्या बॉक्सएन वाघिणी, म्हणजे भारतीय रेल्वेचे कोळशाचे उघडे डबे, सगळ्या एका साच्यातल्या. या खोक्यात मात्र दर फोटोला मालकाचं वेगळं नाव, तेही हातभर उंच अक्षरांत.

त्या नावांमागचा हिशेब आधी लिहून ठेवतो, कारण यादी त्यावरच उभी राहणार आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमधल्या कोळशाच्या वाघिणींचा फार मोठा हिस्सा रेल्वे कंपन्यांच्या मालकीचा नव्हता. खाणींच्या स्वतःच्या वाघिणी असत, दलालांच्या असत, गॅस कारखान्यांच्या, सहकारी संस्थांच्या आणि गावातल्या कोळसा व्यापाऱ्यांच्याही असत. व्यापाऱ्याकडे कधी चार वाघिणी, कधी एकच. रेल्वेने त्या फक्त ओढायच्या. रेल्वे क्लिअरिंग हाउस ही कंपन्यांमधले हिशेब मिटवणारी संस्था १८४२ मध्ये निघाली. वाघिणीची चाकं, दांडे, बफर (दोन डबे एकमेकांना टेकतात तिथले धक्के झेलणारे ठोकळे) कसे असावेत याची तिने घालून दिलेली मापं १८८७, १९०७ आणि १९२३ अशी टप्प्याटप्प्याने बदलत गेली. १९२३ च्या मापाची १२ टनी लाकडी वाघीण १६ फूट ६ इंच लांब, दोन आसांमधलं अंतर ९ फूट. फोटोत पट्टी ठेवून मोजायला हे ९ फूट फार उपयोगी पडतात.

यादीत दोन रकाने वेगळे ठेवलेत: ‘दिसतं ते’ आणि ‘अंदाज’. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं.

१९ जानेवारी

पहिला गठ्ठा कारखान्यांच्या अधिकृत फोटोंचा. ग्लॉस्टरची रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनी, वेकफिल्डजवळची चार्ल्स रॉबर्ट्स, मदरवेलची हर्स्ट नेल्सन, स्मेथविकची बर्मिंगहॅम कंपनी. वाघीण रंगवून वाळली की गिऱ्हाइकाकडे धाडण्याआधी तिचा फोटो काढायचा, ही यांची रीत. मोठी काचेची प्लेट, तिपाई, वाघीण कॅमेऱ्यापुढे नेमकी आडवी. मागचं काही दिसू नये म्हणून कुठे पांढरं कापड ताणलेलं, तर कुठे निगेटिव्हवरच मागचा भाग रंग फासून बुजवलेला. वाघीण हवेत तरंगल्यासारखी दिसते. लग्न जमवताना स्टुडिओत काढून पाठवायच्या फोटोंची जात ही: खोटं काही नाही, पण जे आहे ते त्या दिवसापुरतं.

कोळसा भरायच्या डब्याचे एवढे लाड कशाला, असं वाटू शकतं. पण वाघीण विकणं हा मोठा धंदा होता. गावातला व्यापारी ती रोखीने क्वचितच घेई. हप्त्यांवर किंवा भाड्याने घेई, अनेकदा सात वर्षांच्या कराराने. मग तिच्या अंगावर आपलं नाव ठळक असलं पाहिजे हा त्याचा आग्रह, कारण दूरच्या खाणीतून आपल्या गावापर्यंत धावणारी ती त्याची पाटीच होती. कारखान्यालाही पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना मिळे.

ग्लॉस्टरचे फोटो माझ्यासारख्याला सर्वांत सोयीचे. काहींमध्ये वाघिणीच्या पुढ्यात एक छोटी फळी उभी केलेली असते, तिच्यावर महिना आणि साल. कधी बॉडीचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षरांच्या सावलीचा रंगही लिहिलेला. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग शब्दांत लिहून ठेवणाऱ्या त्या कारकुनाला मनोमन नमस्कार केला. त्या कंपनीची कागदपत्रं आणि फोटो आता ग्लॉस्टरशायर अर्काइव्हजमध्ये आहेत. माझ्याकडचे त्यांच्याच उतरवलेल्या प्रती दिसतात.

अक्षरं लिहिणारे रंगारी कोण असतील कोण जाणे. ‘को.’च्या आतला टिंबही सावलीसकट काढलेला. बाजूच्या सात फळ्यांवर अक्षर चढवताना दोन फळ्यांमधली फट आणि उभ्या लोखंडी पट्ट्या मध्ये येतात, तरी रेघ कुठे तुटत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक तिरप्या अक्षरांत ‘रिकामी अमुक खाणीकडे परत’ अशी सूचना, आणि एका टोकाला रिकाम्या वाघिणीचं वजन.

२६ जानेवारी

स्कॅनिंगचं ठरलं: पोस्टकार्डांना १२०० डीपीआय, टिफ फाइल, मूळ प्रतीवर काही सुधारणा नाही. पाठीमागची बाजूही स्कॅन करायची, कोरी असली तरी. फोटोच्या कागदावरचा छापखान्याचा शिक्का पुढे कामाला येतो. हक्कांचा गुंता सुटेपर्यंत नेटवर काही टाकणार नाही.

९ फेब्रुवारी

आज दिवसभर रंगांशी झुंज.

जुन्या प्लेटांना निळा प्रकाश दिसतो, लाल दिसत नाही. साधी प्लेट फक्त निळ्या-जांभळ्याला दाद देते. ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला हिरवा-पिवळाही कळतो. लाल रंग मात्र दोघींच्या लेखी अंधार. सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट रॅटन अँड वेनराइट या इंग्लिश कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणली, पण कारखान्यांच्या फोटोग्राफरांचं जुन्या प्लेटांवर भागत होतं, त्यामुळे त्या पुढेही बरीच वर्षं चालल्या.

याचा परिणाम वाघिणीवर असा होतो. गेरूच्या जातीचा लाल रंग, म्हणजे रेड ऑक्साइड, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून मालकांचा आवडता. फोटोत तो काळा येतो. निळी वाघीण फिकट राखाडी दिसते. पिवळी अक्षरं साध्या प्लेटवर गडद होतात. लाल बॉडीवर पांढरी अक्षरं आणि त्यांना काळी सावली असेल, तर सावली बॉडीत बुडून जाते आणि अक्षरं सावलीविना असल्यासारखी वाटतात.

यावर उपाय फळीवाल्या फोटोंनी दिला. फळीवर ‘लाल’ लिहिलेल्या एका वाघिणीचा स्कॅन पडद्यावर मोठा करून बघत बसलो. नुसत्या नजरेला बॉडी कोळशासारखी काळी. पण कोपऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या, ज्या खरोखरच काळ्या रंगवायची रीत होती, त्यांच्याशेजारी बॉडीचा काळा किंचित उठून दिसतो. ‘एम’ अक्षराच्या उजव्या पायाशी, जिथे ऊन तिरपं पडलंय, तिथे सावलीची कडाही सापडते, केसाएवढी. आता नियम ठेवला: बॉडी आणि लोखंड एकजीव दिसले तर ‘काळी असावी’, दोघांत फरक दिसला तर ‘लाल किंवा तपकिरी असू शकेल’. दोन्ही गोष्टी ‘अंदाज’ रकान्यात. आकाशाचा रंग वेगळा टिपायचा. आकाश पार कोरं पांढरं असेल तर प्लेट निळ्याला हपापलेली, म्हणजे लाल-काळ्याचा घोळ असण्याची शक्यता जास्त.

बाजारात मिळणाऱ्या कितीतरी मॉडेल वाघिणींचा काळा रंग असाच एखाद्या फोटोवरून उचललेला असणार, असा माझा दाट संशय आहे.

१६ फेब्रुवारी

वाघिणीच्या बॉडीखालची लांब आडवी तुळई, सोलबार. आज फक्त तिच्याकडे बघितलं.

वरच्या फळ्या गिऱ्हाइकाच्या, सोलबार कारकुनांचा. खासगी वाघीण मेन लाइनवर आणायची तर कुठल्या तरी रेल्वे कंपनीकडे तिची नोंदणी लागे. नोंदणी झाली की ओतीव लोखंडाची पाटी सोलबारला ठोकली जाई: रेल्वे कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, साल, किती टनांची. शेजारी बांधणाऱ्या कारखान्याची पाटी, कधी वाघीण ज्याच्या पैशांतून घेतली त्याची, कधी दुरुस्ती कुणी करायची त्याची. अक्षरं पाव इंचाची. अधिकृत फोटोंत ती वाचता यावीत म्हणून उठावावर पांढरा रंग दिलेला असतो, आणि १२०० डीपीआयला साल वाचता येतं. एरवीच्या फोटोंत पाटीचा नुसता आकार कळतो.

रिकामं वजनही इथेच किंवा खालच्या फळीवर. एका वाघिणीवर ६-१५-२ वाचलं. म्हणजे ६ टन, १५ हंड्रेडवेट, २ क्वार्टर. २० हंड्रेडवेटचा टन, ४ क्वार्टरचा हंड्रेडवेट. पावणेसात टनांहून थोडं जास्त लाकूड-लोखंड १२ टन कोळसा वाहण्यासाठी. भरलेल्या वाघिणीच्या एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त भाग नुसत्या वाघिणीचा. आपल्या बॉक्सएनचं रिकामं वजन साडेबावीस टनांच्या आसपास आणि माल ५८ टन, म्हणजे तिथे हे प्रमाण पावाच्या जरा वर. त्यातही फरक वजनाचा नाही तितका संख्येचा आहे. ६०० टन कोळशाला इथे ५० वाघिणी जोडायच्या, तिथे ११.

२ मार्च

मामांना व्हिडिओ कॉलवर चार फोटो दाखवले. ते बल्लारशाला टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासनीस, होते, गाडी सुटण्याआधी तिच्या पोटाखाली टॉर्च घेऊन फिरायचं काम आयुष्यभर केलेलं. मालकाचं नाव, अक्षरं, रंग यांतलं काही त्यांनी पाहिलं नाही. थेट खाली नजर.

“याचा व्हॅक्यूमचा पाइप कुठं आहे, बाबू?”

“नाही मामा, पाइप नव्हताच यांना.”

“मंग थांबत कशी होती गाडी?”

व्हॅक्यूमच्या पाइपने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लागतात. तो नसताना गाडी कशी थांबत होती ते त्यांना सांगितलं. इंजिनाचा ब्रेक आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डचा हातब्रेक, बस. मधल्या पन्नासेक वाघिणी तीन कड्यांच्या साखळीने सैल जोडलेल्या. गाडी निघताना एकेक साखळी ताणली जायची आणि थांबताना बफर एकमेकांवर आपटत जायचे. उतार आला की गाडी वरच थांबवायची, मग गार्ड किंवा फायरमनने खाली उतरून चालत जायचं आणि एकेका वाघिणीचा लांब दांडा लाकडी सोट्याने दाबून खिळीत अडकवायचा. उतार संपला की पुन्हा थांबून ते सगळे दांडे सोडवायचे.

“हे तर देवाच्या भरवशावर झालं. मी अशी गाडी पास केली नसती,” मामा म्हणाले. मग त्यांनी दुसरा फोटो परत मागितला. “आणि दांडा एकाच बाजूला दिसून राहिला. त्या बाजूला गाडी आली तर माणूस जाईल कुठं?”

अगदी नेमकं. नव्या वाघिणींना दोन्ही बाजूंनी ब्रेकचा दांडा हवा, हा नियम १९११ चा, आणि तो अपघातांमुळेच करावा लागला. गाडीखालून रांगत किंवा दोन बफरांमधून पलीकडे जाणाऱ्या शंटरांचे, म्हणजे डबे जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या कामगारांचे, हात-पाय जात. मामांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय एका फोटोवरून कळलं. मी ‘ब्रेक’ हा रकाना यादीत नव्हता तो घातला: एका बाजूचा, दोन्ही बाजूंचा, सांगता येत नाही.

त्यांनी तिसऱ्या फोटोतले बफरही हेरले. स्प्रिंग नाही, काही नाही, चौकटीच्या तुळयाच पुढे काढून त्यांच्या टोकांना लोखंडी पट्टा मारलेला. असल्या ठोकळ्या बफरांच्या वाघिणी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेन लाइनवरून हटवल्या, खाणींच्या आतल्या रुळांवर पुढेही फिरत राहिल्या. त्यामुळे नुसत्या बफरांवरून फोटोचं साल ठरवता येत नाही, कुठल्या रुळांवरचा आहे ते आधी पाहावं लागतं.

१५ मार्च

साऊथ वेल्सचा गठ्ठा. यातला एक फोटो बराच वेळ बाजूला काढता आला नाही.

गोदीत जहाज लागलंय. काठावर लोखंडी मनोरा, त्यात झुल्यासारखं एक फलाट, आणि फलाटावर वाघीण, तोंड खाली करून. टोकाचं दार वरच्या बिजागरीवर पुढे लोंबतंय आणि कोळसा घसरत जहाजाच्या पोटात चाललाय. पाण्याच्या दाबावर चालणारं हे यंत्र. भरलेली वाघीण ढकलत आणायची, वर उचलायची, कलती करायची, रिकामी झाली की खाली उतरवून पलीकडच्या रुळांवर सोडायची आणि लगेच दुसरी घ्यायची. मनोऱ्याखाली एक माणूस पाठमोरा उभा आहे, कमरेवर हात. एवढ्या आवाजात आणि धुळीत तो इतका निवांत कसा, हे मला उमगलेलं नाही.

टोकाचं दार बहुधा एकाच टोकाला असे. ते जहाजाच्या बाजूला नसेल तर वाघीण फिरवून आणावी लागे. म्हणून बाजूच्या फळ्यांवर तिरपी पांढरी रेघ, वर चढत दाराच्या टोकाकडे जाणारी. लांबूनही शंटरला कळावं. गावच्या व्यापाऱ्याला टोकाच्या दाराचा उपयोग नाही, तो बाजूचं दार पाडून फावड्याने कोळसा ओढणार. त्यामुळे वाघिणीला कोणती दारं आहेत यावरून तिचा कोळसा कुठे जायचा याचा माग लागतो.

बॅरीची गोदी १८८९ मध्ये सुरू झाली. ‘ओशन’ कंपनीचे खाणमालक डेव्हिड डेव्हिस त्यामागे होते, कार्डिफच्या गोदीतल्या गर्दीला आणि दरांना कंटाळून. ‘ओशन’ हा शब्द वाघिणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलेला असे, बाकी काही लिहायला जागाच ठेवत नसत. १९१३ मध्ये एकट्या बॅरीतून एक कोटी दहा लाख टनांवर कोळसा बाहेर गेला. धूर कमी आणि आच जास्त म्हणून वेल्सचा हा कोळसा जगभरच्या बोटींना हवा असे. तो मुंबईतही उतरत असे, बोटींसाठी आणि बंगालचा कोळसा भरपूर मिळू लागण्यापूर्वी गिरण्यांच्या भट्ट्यांसाठीही. रे रोडच्या बाजूला कोल बंदर हे नाव अजून आहे. आमच्या वरोऱ्याची खाण चालू झाली ती १८७० च्या दशकात. तोवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची इंजिनं बरीचशी समुद्रापलीकडच्या कोळशावर धावत होती, आणि तो असल्याच कुठल्या तरी बुटक्या वाघिणीतून जहाजावर चढलेला असणार.

बुटक्या का, हाही प्रश्न याच गठ्ठ्यात सुटतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे जनरल मॅनेजर फेलिक्स पोल यांनी १९२० च्या दशकात २० टनी पोलादी वाघिणींचा पुरस्कार केला. मोठ्या वाघिणी वापरणाऱ्यांना वाहतुकीच्या दरात सूट देऊ केली. आकडे सगळे त्यांच्या बाजूने होते: गाडीची लांबी कमी, शंटिंग कमी, ब्रेक लावायला वाघिणी कमी. पण खाणीवर कोळसा चाळून वाघिणीत सोडायची जी यंत्रं, त्यांच्याखाली २० टनी वाघीण मावत नव्हती. सायडिंगची, म्हणजे वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळांची, वळणं तिला झेपत नव्हती. गोदीतले बरेच मनोरे १० आणि १२ टनांच्या हिशेबाने बांधलेले. रेल्वे कंपनीने आपल्या गोदीतले मनोरे बदलले, तरी खाणवाल्याने चालू यंत्र मोडून नवं का उभारावं? वाहतुकीतली बचत रेल्वेची आणि बांधकामाचा खर्च त्याचा. शिवाय त्याच्या जुन्या वाघिणी अजून पडून सडलेल्या नव्हत्या. हजारो मालक, प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बरोबर, आणि सगळ्यांचा मिळून तोट्याचा.

२३ मार्च

उलट उदाहरणही खोक्यात निघालं. डर्बीशायरमध्ये बक्स्टनजवळच्या टन्स्टेड खाणीतून चुनखडी नॉर्थविचच्या रसायन कारखान्यांकडे नेणाऱ्या आयसीआय या रसायन कंपनीच्या बोगी वाघिणी. चार्ल्स रॉबर्ट्सने १९३६ पासून बांधलेल्या, ४० टनांहून जास्त माल घेणाऱ्या, व्हॅक्यूम ब्रेकसकट. खाण आयसीआयची, कारखाना आयसीआयचा, वाघिणीही आयसीआयच्याच. चढवायची आणि उतरवायची दोन्ही टोकं एकाच हिशेबवहीत असल्यावर मोठी वाघीण लगेच परवडली. या वाघिणी १९९० च्या दशकापर्यंत धावल्या.

मामांना हा फोटो पाठवला. उत्तर आलं: “ही पास.”

कोकच्या वाघिणी वेगळ्या फोल्डरात. कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, हलका आणि जागा जास्त खातो, म्हणून नेहमीच्या वाघिणीच्या काठावर आणखी दोन-तीन फळ्या फटी ठेवून चढवतात. ओळखायला सोप्या, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

६ एप्रिल

अधिकृत फोटो संपले. आता राहिलेत ते कुणीतरी कुठेतरी काढलेले: स्टेशनं, गोद्या, खाणी, रुळावरून घसरलेल्या गाड्या, सायडिंगची कुंपणं. पहिल्या गठ्ठ्याच्या मानाने हे सगळे कुरूप. हललेले, कोपरे दुमडलेले, निम्म्या वाघिणी चौकटीबाहेर. पण मला आता हेच जास्त आवडायला लागलेत.

कारण वाघीण कामाला लागल्यावर कशी दिसायची ते इथेच कळतं. अक्षरं कोळशाच्या पुडीखाली गेलेली. सात फळ्यांतली एक नवी बसवलेली आणि तिच्यावर अक्षराचा तुकडा पुन्हा काढायची तसदी कुणी घेतलेली नाही, त्यामुळे नाव मध्येच खंडित. दाराच्या फळीवर खडूने लिहिलेलं काहीतरी. ग्लॉस्टरच्या पांढऱ्या कापडापुढे उभी असलेली ती नवीकोरी वाघीण वर्षभरात अशी होत असणार.

दुसरं म्हणजे, वाघिणी कुणाच्या शेजारी उभ्या आहेत ते इथे दिसतं. मॉडेलवाल्यांच्या टेबलावर कोळशाची गाडी म्हटली की वीस मालकांच्या वीस रंगांच्या वाघिणी. खोक्यातल्या खऱ्या गाड्यांत एकाच खाणीच्या दहा-बारा मळकट वाघिणी सलग येतात, मग दुसऱ्या मोठ्या खाणीच्या. छोट्या व्यापाऱ्याची एखादी चुकूनमाकून. क्लबात हे बोललो तर दोघांचे चेहरे पडले. रंगीत गाडी सोडवत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही, फक्त तिला ‘अस्सल १९३०’ म्हणू नये.

साल ठरवायला मागच्या रांगेसारखं साधन नाही. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या वाघिणी त्यांत मिसळलेल्या असतात. ग्रेट वेस्टर्नची आद्याक्षरं २५ इंची असतील तर १९०४ नंतरची रंगवलेली, १६ इंची असतील तर १९२० च्या पुढची. १९३६-३७ च्या सुमारास सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी भली मोठी अक्षरं सोडून कोपऱ्यात बारीक अक्षरं घ्यायला सुरुवात केली. फोटोत दोन्ही प्रकार दिसले तर सगळ्यांत नवं कोणतं ते पाहायचं, कारण जुना रंग वर्षानुवर्षं तसाच फिरत राहतो.

आणि १९३९. युद्ध सुरू होताच सरकारने खासगी वाघिणी ताब्यात घेऊन एकत्र केल्या. जी रिकामी दिसेल ती भरायची, मालक कोण ते विचारायचं नाही. ‘रिकामी अमुक खाणीकडे परत’ ही सूचना तशीच राहिली, तिचा अर्थ एका दिवसात संपला. म्हणून केंटमधल्या सायडिंगला स्कॉटलंडच्या खाणीची वाघीण वेल्सच्या वाघिणीला लागून उभी असेल, तर ‘१९३९ नंतर’ असं ‘अंदाज’ रकान्यात बिनधास्त लिहितो. पाठीवर काहीही नसलेले कितीतरी फोटो आज असे जागेला लागले.

२७ एप्रिल

स्लाइडींचा डबा आणि त्याच्याआधीचे शेवटचे काळे-पांढरे.

खाणी १ जानेवारी १९४७ ला सरकारी झाल्या आणि बरोबर वर्षाने, १ जानेवारी १९४८ ला, रेल्वे. खासगी मालकांच्या पाच लाखांहून जास्त वाघिणी ब्रिटिश रेल्वेकडे आल्या. त्यांना ‘पी’ने सुरू होणारे नवे क्रमांक मिळाले. पण रंग कोण देणार? खालच्या कोपऱ्यात एक छोटा काळा चौकोन फासून त्यावर पांढऱ्यात क्रमांक टाकला, झालं. वर जुन्या मालकाचं नाव पुसट होत तसंच. नव्या फळ्यांना रंगच दिला नाही, त्यामुळे पावसाने राखाडी झालेलं कच्चं लाकूड आणि मधूनच एखादं सावलीवालं अक्षर. १९५० च्या दशकातल्या या वाघिणींचे फोटो कुणीतरी मुद्दाम, एकेक करून काढलेत, त्या भंगारात निघणार हे ठाऊक असल्यासारखे. कोपऱ्यातली पेन्सिलीची अक्षरं सगळीकडे एकाच हाताची आहेत. खोक्याच्या मूळ मालकाचीच असावीत.

स्लाइडींत सगळीकडे १६ टनी पोलादी वाघीण. युद्धकाळात सुरुवात होऊन पुढे ब्रिटिश रेल्वेने ती दोन लाखांहून जास्त बांधली. चाकांमधलं अंतर तेच ९ फूट, कारण त्याच सायडिंगा आणि त्याच चाळण्या. पांढरी तिरपी रेघही तीच, टोकाच्या दारासाठी. बहुतेकींना अजूनही व्हॅक्यूम नाही. मालकाची अक्षरं गेली, तेव्हा लोकांनी फोटो काढणंही सोडलं. सगळ्या सारख्याच म्हणून. स्लाइडी नीट पाहिल्या तर दोन सारख्या सापडत नाहीत. ओला कोळसा पोलाद खातो. एकीचा तळ आतून कुजून बाजूच्या पत्र्याला फोडासारखा फुगा आलेला, दुसरीला नवा पत्रा वेल्ड केलेला आणि त्यावर क्रमांकाचा ‘बी’ वेगळ्या वळणाचा, तिसरीचा राखाडी रंग उडून वीट-रंगाचा गंज. पत्रा आधी दारांच्या खालच्या कडेला गंजतो, मग कोपऱ्यांना. गंज रंगवणाऱ्यांसाठी या स्लाइडी सोन्याच्या आहेत.

१९६५ पासून वीज केंद्रांच्या कोळशासाठी न थांबता खाली दारं उघडून रिकाम्या होणाऱ्या ३२ टनी हॉपर वाघिणी आल्या. खोक्यात त्यांचा एकच फोटो, तोही अर्धा. जमवणाऱ्याला त्यांत रस नव्हता हे उघड आहे.

११ मे

यादी पूर्ण झाली म्हणायला हरकत नाही. ज्यांचं काहीच लागत नाही असा छोटा गठ्ठा उरलाय. तो ‘स्थळ अज्ञात’ फोल्डरात, बफर, ब्रेक, दारं आणि फळ्यांची संख्या एवढं लिहून.

‘मागे काय’ हा रकाना मी एप्रिलमध्ये घातला होता आणि तो सगळ्यांत उपयोगाचा ठरतोय. म्हणून आता क्लबाच्या कपाटातले इंजिनांचे अल्बम काढलेत. तिथे दर फोटोखाली इंजिनाचा वर्ग, क्रमांक, शेड, तारीख, सगळं काटेकोर लिहिलेलं, आणि मागे पन्नास वाघिणींची रांग, जिच्याबद्दल चकार शब्द नाही. पहिल्याच अल्बममध्ये, एका एक्स्प्रेसच्या धुराआड, १९ जानेवारीच्या गठ्ठ्यातल्या एका व्यापाऱ्याची वाघीण सापडली. ग्लॉस्टरच्या फोटोत तिचं नाव पूर्ण वाचता येतं. इथे ‘अँड सन्स’ एवढंच उरलंय, खालच्या दोन फळ्या नव्या आहेत आणि टोकाचं दार दोरीने बांधलेलं आहे. अल्बमच्या फोटोला तारीख आहे, त्यामुळे त्या वाघिणीच्या आयुष्यातल्या दोन तारखा आता आपल्याकडे झाल्या.

क्लबातल्या एका गृहस्थांनी माझी नवी नोंद वाचली आणि विचारलं, इंजिन कोणतं ते का नाही लिहिलंस? ते अल्बममध्ये आहेच, मी म्हटलं. पुढचा अल्बम श्रूझबरीचा आहे.